बोलावलंच नाही

मार्चमधे एका लग्नाला गेले होते, कर्वेनगरला. पंगत बसायच्या आधी हॉलच्या दाराशी जी गर्दी होते ना, अत्तराचा वास, गुलाबपाण्याचे शिंतोडे, कुणाची तरी पैठणी कुणाच्या तरी घड्याळात अडकलेली, त्या गर्दीत सर दिसले. शाळेत मला मराठी आणि इतिहास शिकवलेले सर, आता ऐंशीच्या पुढचे, मुलीकडे कोथरूडला राहतात. वाकून नमस्कार केला, त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून अगदी हळू म्हणाले, "यंदा व्याख्यानमालेला मला बोलावलंच नाहीत गं."

रागावून नाही म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावाचं वाचनालय, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात तिथं व्याख्यानमाला असते, आणि सर निवृत्त होऊन पुण्याला गेले तरी दरवर्षी स्वारगेटहून सकाळची एसटी पकडून यायचे, पहिल्या रांगेत डावीकडून दुसऱ्या खुर्चीवर बसायचे. गाव सोडताना घरातली सगळी पुस्तकं त्यांनी वाचनालयाला दिली होती, सहा पत्र्याच्या ट्रंका. मी म्हटलं, "सर, पाठवलं होतं की, मेलवर पाठवलं होतं." ते म्हणाले, "असेल. मला नाही मिळालं," आणि लगेच माझ्या मुलीची कितवी चाललीये वगैरे विचारायला लागले. पुढं पंगतीत जिलबी वाढली, मठ्ठा आला, मी काय जेवले मला आठवत नाही.

आपल्याकडे निमंत्रणाचं प्रकरण किती नाजूक असतं ते काही मी सांगायला नको. माझ्या आजीच्या माहेरी दोन चुलत घरं पंचवीस वर्षं एकमेकांच्या दारात गेली नव्हती, कारण मुंजीची पत्रिका एका घरी पोस्टानं आली आणि दुसऱ्या घरी स्वतः जाऊन अक्षत दिली. आजी म्हणायची, निमंत्रण धाडलं म्हणजे झालं असं नसतं, ते पोचलं का हे बघायचं कामही धाडणाऱ्याचंच. मला तेव्हा हे अति वाटायचं. त्या दिवशी रिक्षात बसल्यावर मात्र सारखं तेच आठवत होतं.

घरी आल्यावर रात्री लॅपटॉप उघडला. वाचनालयाचा मेल मीच सांभाळते, सात-आठ वर्षं झाली. महिना साडेचारशे रुपये भाड्याचा एक छोटा सर्व्हर आहे, म्हणजे कायम इंटरनेटला जोडलेलं एक मशीन, त्याच्यावर वाचनालयाची साइट आणि वाचनालयाच्या नावाचे चार मेल पत्ते. नोकरी माझी याच क्षेत्रातली, त्यामुळे गावासाठी एवढं तरी करावं असं वाटलं होतं. फेब्रुवारीचा लॉग, म्हणजे मेलच्या ये-जाची नोंदवही, काढला आणि सरांचा पत्ता शोधला. सापडला. १८ तारीख, दुपारी चार वाजून सतरा मिनिटं. आमच्या मशीननं सरांचं खातं ज्या मोठ्या कंपनीकडे आहे तिच्या मशीनला हाक मारलेली, तिनं ओ दिलेली, आणि शेवटी २५० ओके. कंपनीचं नाव लिहीत नाही, दुसऱ्या कुठल्याही मोठ्या कंपनीकडे हेच होऊ शकलं असतं.

दोन मेल सर्व्हरांचं बोलणं ज्यांनी कधी डोळ्यांनी वाचलं नसेल त्यांना सांगते, फार देखणी गोष्ट आहे ती. आधी पाठवणारा हेलो म्हणतो, इंग्रजीत त्यातला एक एल गाळलेला, कारण सगळे हुकूम चार अक्षरांत बसवायचे होते. मग सांगतो की अमक्याकडून पत्र आहे, समोरचा म्हणतो ठीक. तमक्यासाठी आहे, ठीक. आता मजकूर देतो, दे. मग अख्खं पत्र जातं आणि पत्र संपलं हे सांगायला एका ओळीत फक्त एक टिंब, बाकी काही नाही. ते एकटं टिंब मला फार आवडतं, 'कळावे, लोभ असावा' लिहून पेन खाली ठेवावं तसं वाटतं. त्यावर समोरून २५० आलं की ती पोच. ती नुसती 'ऐकलं' म्हणायची पद्धत नाहीये हां, हे पत्र आता माझ्या ताब्यात आलं, पोचवायची जबाबदारी माझी आणि नाही पोचवता आलं तर तसं कळवायची जबाबदारीही माझी, एवढं सगळं त्या तीन आकड्यांत आहे. १९८२ च्या ऑगस्टमधे जॉन पोस्टेल नावाच्या माणसानं हे नियम लिहून काढले, आणि आजही जगातला कुठलाही मेल, बँकेचा असो की वाचनालयाचा, याच बोलीत बोलतो.

म्हणजे आम्हाला पोच मिळाली होती. सरांना पत्र मिळालं नव्हतं. दोन्ही खरं.

कारण मला माहीत होतं, पण तरी सगळं परत तपासलं, रात्री दीड वाजेपर्यंत. आमच्या नावानं कोणत्या मशीनला पत्र धाडायची परवानगी आहे त्याची यादी जाहीर करावी लागते, ती आहे. प्रत्येक मेलवर सही लागते, पूर्वी पाकिटावर लाखेची मोहोर असायची तशी, म्हणजे वाटेत कुणी मजकूर बदलला तर कळतं, तीही आहे. सही जुळली नाही तर पत्राचं काय करायचं याची सूचना, आहे. मशीनच्या आकडी पत्त्यावरून उलटं नाव शोधलं तर आमचंच नाव यायला हवं, येतं. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क, रिव्हर्स डीएनएस, जे जे म्हणून मागतात ते सगळं दिलेलं. पण याच्यानंतरही एक गोष्ट उरते, तिला रेप्युटेशन म्हणतात, आपल्या भाषेत पत. ती तुम्ही किती मेल पाठवता, किती नियमित पाठवता, लोक ते उघडतात का, यावर बनते. पत नसली की समोरचं मशीन पत्र घेतं, पोचही देतं, पण टाकतं ते स्पॅममधे, म्हणजे नकोशा मेलच्या ढिगात. आता आमचं वाचनालय वर्षातून पाच-सहा वेळा दोन-अडीचशे लोकांना मेल पाठवणार, त्याची पत बनणार कशी? त्यात आमचा सर्व्हर ज्या भाड्याच्या इमारतीत आहे, म्हणजे आकडी पत्त्यांची ती जी रांग आहे, तिथं शेजारी कुणीतरी कधीतरी फसवे मेल धाडलेले असणार. चाळीतल्या एका खोलीवर पोलीस आले की सगळ्या चाळीचं नाव खराब होतं, तसंच हे. आणि हा निर्णय कोण घेतं, कशावरून घेतं, त्याच्यावर दाद कुठं मागायची, काही कळायला मार्ग नाही. फॉर्म आहेत भरायला. मी भरलेत. उत्तरं मशीनचीच येतात.

याच पोस्टेलनं प्रोटोकॉल, म्हणजे मशीनांच्या बोलण्याचे नियम, बनवणाऱ्यांसाठी एक वाक्य लिहून ठेवलंय १९८० मधे, त्याचा भावार्थ असा की स्वतः पाठवताना काटेकोर राहा आणि दुसऱ्याकडून घेताना मन मोठं ठेवा. मला हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा एखाद्या घरच्या मोठ्या माणसानं सांगितल्यासारखं वाटलं होतं. आता परिस्थिती अशी आहे की काटेकोर छोट्यांनी राहायचं, आणि मन किती मोठं ठेवायचं ते मोठ्यांनी त्यांच्या सोयीनं ठरवायचं.

पण थांबा, स्पॅमचं काय? हा प्रश्न मी स्वतःलाच विचारते आणि त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. पहिला जाहिरातबाज मेल १९७८ च्या मे महिन्यात गेलाय, कॉम्प्युटर विकायला, अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावरच्या सुमारे चारशे लोकांना, म्हणजे पोस्टेलच्या नियमांच्याही आधी. दार सताड उघडं ठेवलं की चोर येणारच. मोठ्या कंपन्यांनी जे चाळण्यांचं काम केलंय ते खरंच अवघड काम आहे, त्या चाळण्या नसत्या तर माझ्या आईला रोज पन्नास लॉटऱ्या लागल्या असत्या. २०२४ च्या फेब्रुवारीत जीमेल आणि याहू दोघांनी मिळून नियम कडक केले, दिवसाला पाच हजारांच्या वर मेल धाडणाऱ्यांना तर सगळी कागदपत्रं सक्तीची केली, मला तो निर्णय पटला होता. मला सलतं ते वेगळंच. चाळणी ज्याच्या हातात आहे त्याचंच धान्य सगळ्या बाजारात असेल, तर बाहेरच्या एका पोत्यात चुकून चांगलं धान्य गेलं तरी त्याला फरक पडत नाही. आमचे अडीचशे मेल त्याच्या हिशोबात कुठेच नाहीत. सर एकटेच, आणि सरांनीही तक्रार केली ती माझ्याकडे.

हे सगळं आठवताना मन सारखं हॉस्टेलकडे जायला लागलं. २००५ साल असेल. आमच्या हॉस्टेलच्या कॉमन रूममधे एक जुना पेंटियम कॉम्प्युटर होता, टेबलाखाली, झाकण काढलेला, त्याच्या पंख्याचा आवाज पावसाळ्यात बेडकासारखा यायचा. त्याच्यावर आम्ही तिघी-चौघींनी जॅबरचा सर्व्हर चालवला होता. जॅबर म्हणजे काय तर मेलसारखंच, पण चॅटसाठी. अमेरिकेतल्या जेरेमी मिलरनं जानेवारी १९९९ मधे ते लोकांपुढे ठेवलं, पुढे त्याचं एक्सएमपीपी असं बोजड नाव होऊन २००४ मधे ते रीतसर प्रमाण झालं. गंमत ही की पत्ताही मेलसारखाच, आधी नाव, मग ॲट, मग घर. तुमचा सर्व्हर तुमच्या घरी, माझा माझ्या घरी, आणि तरी आपण बोलणार. त्या काळी याहू मेसेंजरवाल्याला एमएसएनवाल्याशी सहजी बोलता यायचं नाही, आणि इकडे आमचा टेबलाखालचा पेंटियम जर्मनीतल्या कुणाच्या तरी सर्व्हरशी बोलत होता. पहिल्यांदा तिकडून 'हाय' आला तेव्हा आम्ही अक्षरशः ओरडलो होतो, वॉर्डन वर आल्या होत्या काय झालं बघायला.

त्याच वर्षी ऑगस्टमधे गूगलचं चॅट, गूगल टॉक, आलं, आणि ते जॅबरच्याच बोलीत बोलणारं होतं. जानेवारी २००६ मधे त्यांनी बाहेरच्या सर्व्हरशीही दार उघडलं. आम्हाला किती आनंद झाला होता ते आता कुणाला सांगून पटणार नाही! एवढी मोठी कंपनी आणि ती आपल्या बाजूची. जीमेलच्या कडेला तो हिरवा ठिपका लागायचा, मैत्रीण नोकरीला बंगळूरला गेलेली, तिचा ठिपका हिरवा झाला की इकडे हॉस्टेलच्या पेंटियमवरून आम्ही तिला जेवलीस का विचारायचो. स्टेटसमधे लोक कवितेच्या ओळी लावायचे, कोण कुणासाठी लावतंय ते ओळखायचा खेळ असायचा.

मग हळूहळू काय झालं सांगू का, काहीच झालं नाही. म्हणजे कुणी काही बंद केलं नाही, कुणी मनाई केली नाही. जीमेलचं खातं सगळ्यांनी काढलं, मीही काढलं, तिथं मेल आणि चॅट एकाच जागी होतं, जागा भरपूर होती, चालायचंही छान. २००८ मधे पेंटियमची हार्ड डिस्क गेली आणि नवी घालायला कुणीच पैसे काढले नाहीत. हजार-बाराशेचा प्रश्न होता. आम्ही चौघी तेव्हा कमवायला लागलो होतो. गावात एका वाड्यावर रोज पंगत बसायला लागली, जेवण चांगलं, आग्रह मनापासून, तर घरोघरच्या चुली कोण पेटवणार? आमची चूल आमच्याच हातानं थंड झाली, हे मला विसरायचं नाहीये, म्हणून इथे लिहून ठेवते.

२०१३ च्या मेमधे गूगलनं टॉकच्या जागी हँगआउट्स हे नवं चॅट आणलं आणि त्यात बाहेरच्या सर्व्हरशी बोलायची सोय नव्हती. जुनं टॉक काही काळ बाजूला चालू होतं. आणि याच्या पुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही, पण मला तोच सगळ्यात जास्त लागतो. अमेरिकी सरकार लोकांचं इंटरनेटवरचं बोलणं चोरून ऐकतं हे स्नोडेननं उघड केल्यावर जगभरच्या छोट्या जॅबर सर्व्हरवाल्यांनी मिळून ठरवलं की आता सर्व्हर-सर्व्हरमधलं बोलणं उघड्यावर चालू द्यायचं नाही, १९ मे २०१४ पासून कुलूपबंद पद्धतीनंच बोलायचं. अगदी योग्य निर्णय. पण गूगल टॉकच्या बाहेरच्या दाराला तसं कुलूप त्यांनी कधी बसवलंच नव्हतं. त्यामुळे शेवटचा धागा जो तुटला तो छोट्यांच्या हातून तुटला, स्वतःच्या माणसांची काळजी घेताना. मोठ्याला बंद करायचीही तसदी घ्यावी लागली नाही, दुरुस्ती न करणं पुरलं. आतल्या कोट्यवधी लोकांना काही कळलंसुद्धा नाही, कारण त्यांचे सगळे लोक आतच होते.

फेसबुकनंही २०१० मधे हीच बोली घेतली होती, पण त्यांनी फक्त खिडकी उघडली, म्हणजे तुमचं ॲप घेऊन तुम्ही त्यांच्या अंगणात बोलू शकत होता, तुमच्या घरून त्यांच्या घरी नाही. पुढे ती खिडकीही लावून घेतली. आणि व्हॉट्सॲप, ज्याच्यावर आज आपली दूधवाल्यापासून शाळेपर्यंत सगळी दुनिया चालते, त्याचे सर्व्हर सुरुवातीला बांधले तेच मुळी ईजॅबरडी नावाच्या जॅबरच्याच मोफत सॉफ्टवेअरवर, त्यांना हवे ते बदल करून. जो धागा सगळ्यांनी कातावा म्हणून ठेवला होता त्याचीच ही चादर, फक्त चारी कडा शिवून बंद केलेल्या. २०१४ मधे एकोणीस अब्ज डॉलरला विकली गेली. मला त्या पैशाचा मत्सर नाही, खरंच नाही. पण आमच्या पेंटियमवर चालत होतं ते आणि हे, आतून एकाच जातीचं होतं, आणि एकाला दार होतं.

२०१३ चा जुलै मला आणखी एका कारणानं लक्षात आहे. १ तारखेला गूगल रीडर, सगळे ब्लॉग एका जागी वाचायची सोय, बंद झालं, आणि त्याच्या दोन आठवड्यांनी, १४ तारखेच्या रात्री, देशातली तारसेवा. बाबांनी मला शेवटच्या दिवशी पुण्याच्या तार ऑफिसातून तार केली होती, रांगेत अडीच तास उभं राहून. मजकूर अगदी साधा, 'सर्व कुशल. आंबे संपले. बाबा.' ती फाइलमधे जपून ठेवलीये. तारेची वर्तमानपत्रांत पानंच्या पानं भरून आठवण आली, आणि यायलाच हवी होती. रीडरचं आमच्यासारख्यांनीच काय ते दुःख केलं. तेव्हा मी पन्नासेक मराठी ब्लॉग रोज वाचायचे, नागपूरच्या कुणाचा, डोंबिवलीच्या कुणाचा, न्यू जर्सीत राहून घावन-घाटल्यावर लिहिणारीचा, कोण कुठल्या सेवेवर लिहितंय याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं, आरएसएस, म्हणजे साइटवरचं नवं लिखाण कळवायची सगळ्यांसाठी खुली पद्धत, सगळ्यांचं एका यादीत आणून द्यायचं. तार बंद झाली कारण ती कुणी वापरत नव्हतं. आरएसएस तर बंद झालंच नव्हतं, अजूनही नाही, तुमचे पॉडकास्ट त्याच्यावरच येतात. बंद झाली ती जिथं बसून सगळे वाचायचे ती खोली. पण खोलीला कुलूप लागल्यावर लोक दुसरी खोली शोधायला गेले नाहीत, वाचायचंच थांबले, आणि वाचणारे थांबल्यावर लिहिणारेही. न्यू जर्सीवालीनं पुढच्या वर्षी दिवाळीला एक लेख लिहिला, नंतर नाही.

मोबाईलचं बघा. आईचं सिम बीएसएनएलचं, माझं दुसऱ्या कंपनीचं, वहिनीचं तिसऱ्या, कधी कुणाच्या मनात तरी येतं का की आईचा फोन मला लागेल ना? आणि जानेवारी २०११ पासून तर देशभरात कंपनी बदलली तरी नंबर आपलाच राहतो. हे कुण्या कंपनीच्या मोठ्या मनानं झालं नाहीये, नियम केला म्हणून झालंय. युरोपात आता व्हॉट्सॲपलाही बाहेरच्यांसाठी दार ठेवायला कायद्यानं सांगितलंय, मार्च २०२४ पासून. आपल्याकडे ही चर्चासुद्धा नाही याचं मला वाईट वाटतं, पन्नास कोटींच्या आसपास लोक ज्याच्यावर आहेत त्याच्याबद्दल चर्चासुद्धा नाही.

मॅस्टोडॉन म्हणजे ट्विटरसारखंच, पण जॅबरसारखं वेगवेगळ्यांच्या सर्व्हरांवर चालणारं. तिथं माझं खातं २०१९ च्या नोव्हेंबरपासून आहे, तेव्हा आपल्याकडचे बरेच जण ट्विटरवर चिडून तिकडे गेले होते, त्या लाटेत मीही गेले. बहुतेक जण परत आले, मी राहिले. २०२३ च्या जुलैमधे मेटाचं, म्हणजे फेसबुकवाल्यांचं, ट्विटरसारखं थ्रेड्स आलं, पाच दिवसांत दहा कोटी लोक, आणि त्यांनी सांगितलं की आम्हीही तुमचीच बोली बोलणार, ॲक्टिव्हिटीपब. त्या आठवड्यात तिथं जी भांडणं झाली ती वाचताना मला हॉस्टेलची कॉमन रूम आठवत होती. अर्धे म्हणत होते येऊ द्या, एवढे लोक जोडले जातील. अर्धे म्हणत होते गूगल टॉकचं काय झालं ते विसरलात का, आणि अनेक सर्व्हरवाल्यांनी आधीच दार लावून घेतलं, पाहुणा वळणावर दिसायच्या आत. दोघांचंही मला पटत होतं. मी दार लावलं नाही. पण हार्ड डिस्कचे पैसे मात्र आता दर महिन्याला बाजूला काढते.

पाडव्यानंतर वाचनालयाच्या कार्यकारिणीची बैठक झाली. वरच्या मजल्यावर, जुन्या मासिकांच्या कपाटांशेजारी, डांबराच्या गोळ्यांचा वास, स्टीलच्या ताटलीत भडंग. मी सरांचं सांगितलं. कार्यवाह काका शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "ताई, तू एवढा जीव पाडतेस, पण ते फुकटच्या खात्यावरनं पाठवलं तर जातं ना नीट? मग तिथनंच पाठव की. आणि ग्रुपवर टाकू." मी सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं काका, वाचनालयाच्या पाटीवर आपलं नाव आहे, पत्रावर दुसऱ्याचं आडनाव कशाला लावायचं. उद्या त्यांनी खातं बंद केलं तर सगळ्या सभासदांचे पत्ते, पत्रव्यवहार गेला. काकांनी विचारलं, "आणि तुझं मशीन बंद पडलं तर?" ते काही खवचटपणे विचारत नव्हते. मी नोकरी बदलली, आजारी पडले, तर कोण बघणार ते? वाचनालयाचे ग्रंथपाल वायफायचा पासवर्ड बदलायलाही माझी वाट बघतात. शेवटी ठरलं की निमंत्रणं यापुढे फुकटच्या खात्यावरून जातील, आमचा पत्ता साइटवर राहील, कुणी लिहिलं तर मी उत्तर देईन. हात वर करायला सांगितला तेव्हा मीही वर केला. खाली आले तर वाचनालयाच्या दारातली लाकडी पत्रपेटी दिसली, हिरव्या रंगाची, वर पांढऱ्या अक्षरात 'सूचना'. तिला कुलूप आहे आणि किल्ली ग्रंथपालांच्या टेबलाच्या खणात आहे. मी उघडून बघितली. एक चिठ्ठी होती, कुणीतरी संध्याकाळची वेळ अर्धा तास वाढवा म्हणून लिहिलेली.

लग्नाच्या नंतरच्या रविवारचं सांगायचं राहिलं. त्या दिवशी मी कोथरूडला सरांकडे गेले होते, वाचनालयाचा वार्षिक अहवाल आणि आईनं दिलेले कुरडयांचे पुडे घेऊन. सर आरामखुर्चीत, टीव्ही आवाज बंद करून लावलेला, गॅलरीत बोन्सायसारखी खुजी तुळस. म्हटलं सर, फोन द्या बरं जरा. त्यांनी चष्मा लावून पॅटर्न काढला, मला दिला. स्पॅमचा फोल्डर उघडला. साडेतीनशेच्या वर मेल. विनातारण कर्ज, गुडघेदुखीचं तेल, दुबईत नोकरी, तुमचं पार्सल अडकलंय, इंग्रजीत कुठल्यातरी राजपुत्राचं. खाली जात राहिले, जात राहिले, आणि मधेच, तेलाच्या आणि पार्सलच्या मधे, आमच्या वाचनालयाचं नाव. १८ फेब्रुवारी. ते फोल्डर तीस दिवसांनी आपोआप रिकामं होतं, तीनच दिवस राहिले होते.

उघडलं तर वर पट्टी, हा मेल धोकादायक असू शकतो, नीट विचार करून उघडा. सरांनी ती वाचली. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सर, ते मशीन लिहितं." ते काही बोलले नाहीत, फोन डोळ्यांजवळ नेऊन पुढचं वाचायला लागले, मोठ्यानं, वर्गात वाचायचे तसंच, स्वल्पविरामाला थांबत. 'स. न. वि. वि. आपल्या वाचनालयाच्या वार्षिक व्याख्यानमालेस आपण अगत्यपूर्वक उपस्थित राहावे ही विनंती.' मग तिन्ही वक्त्यांची नावं, विषय, वेळ, शेवटी अध्यक्षांचं नाव. 'अगत्यपूर्वक'पाशी जरा थांबले. म्हणाले, "तू लिहिलंस?" मी हो म्हटलं. "दुसऱ्या दिवशीचा विषय चांगला होता. आलो असतो."

मी त्यांना 'हा स्पॅम नाही' कुठं दाबायचं ते दाखवलं, पत्ता त्यांच्या यादीत घालून दिला, आणि निघायला उठले तर म्हणाले, थांब, उत्तर कसं द्यायचं ते सांग. म्हटलं सर, आता व्याख्यानमाला होऊन गेली, आणि मी इथंच तर आहे. ते म्हणाले, "पत्र वाचनालयाचं आहे, तुझं नाही." मग एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, जोडाक्षराला अडखळत, दहा-बारा मिनिटं लिहीत बसले. मी चहा करून आणला तरी लिहीत होते.

चांदणी चौकातल्या ट्रॅफिकमधे अडकले होते तेव्हा फोन वाजला. वाचनालयाच्या पत्त्यावर मेल आला होता, त्या मोठ्या कंपनीकडून आमच्या साडेचारशेच्या मशीनवर, काही अडथळा नाही, एका सेकंदात. 'निमंत्रण आज मिळाले. उपस्थित राहता आले नाही, क्षमस्व. पुस्तकांना वाळवी लागणार नाही याची काळजी घ्यावी. कळावे.'